कोअर शॉपमधली अवघड बाई

शिरोलीच्या एमआयडीसीतल्या त्या फाउंड्रीत एखादी बाई ऐकत नसली, रोज उशिरा येत असली किंवा हातापेक्षा तोंड जास्त चालवत असली, की मॅनेजर मानेसाहेबांचं वाक्य ठरलेलं असायचं. "वर्षाताईंकडं पाठवा."

वर्षाताई म्हणजे वर्षाराणी चौगुले. वय त्रेचाळीस, राहायला मंगळवार पेठेत. नवरा पृथ्वीराज गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचा, मुलगी बारावीला. एकोणीस वर्षांपूर्वी ती या कंपनीत हेल्पर म्हणून लागली आणि गेली आठ वर्षं कोअर शॉपची इनचार्ज होती. तिच्या हाताखाली बारा बायका. पंपाचा नाहीतर इंजिनाचा भाग ओतायचा असला, की त्यात जिथं पोकळी हवी तिथं वाळूचा घट्ट गाभा बसवावा लागतो. त्याला कोअर म्हणतात. वाळूत केमिकल कालवायचं, साच्यात ठोकून भरायचं, गॅस सोडून कडक करायचं, कड कानशीनं घासायची, काळा लेप द्यायचा आणि ओव्हनमध्ये वाळवायचं. लोखंड ओतणारे पुरुष हिरो, पण कोअरमध्ये खोट राहिली तर त्यांचं सगळं ओतकाम भंगारात. हे वर्षाराणी प्रत्येक नव्या बाईला पहिल्या दिवशी ऐकवायची.

अवघड माणसं सांभाळणं हा तिचा मान होता. क्रांती म्हणून एक जण होती, सुपरवायझरच्या अंगावर कानस फेकून आलेली. वर्षाराणीनं तिला दोन महिन्यांत सरळ केलं. वाळू कालवायच्या मिक्सरवरची धोंडुबाई तर सगळ्या कंपनीला माहीत होती. पन्नाशी उलटलेली, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. सांगितलेलं काम ऐकून न ऐकल्यासारखं करायची, पुन्हा सांगितलं की अंगावर यायची. तिला दोनदा काढायचं ठरलं होतं. दोन्ही वेळा वर्षाराणी मानेसाहेबांपुढं जाऊन उभी राहिली. "माझ्या जबाबदारीवर ठेवा," म्हणाली. धोंडुबाईला वळण लावायला तिला तीन वर्षं लागली. घसा फोडून ओरडावं लागलं, पण लागलं वळण. पुढं पुढं तर धोंडुबाई भाकरीबरोबर ठेच्याची एक जादा पुडी आणायची, ती फक्त वर्षाराणीसाठी. जेवायला दोघी शेजारी शेजारी बसायच्या. कुणाला दिसायचं नाही, पण त्या पुडीचा वर्षाराणीला पगारवाढीपेक्षा जास्त अभिमान होता.

अशात प्रेरणा शिंत्रे आली.

प्रेरणा गडहिंग्लजच्या पलीकडची, अगदी सीमेवरच्या गावची. वय एकोणतीस. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि ते मराठीही तिकडचंच. "मी काम केलो," "मी भाकरी खाल्लो," असं बोलायची. "मी आलो, मी गेलो" असं कोल्हापूरच्या बायकाही म्हणतात, पण हे "केलो, खाल्लो" त्यांना नवीन होतं. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, मग तीही हसायची आणि मुद्दाम आणखी चार वाक्यं तशीच बोलून दाखवायची. कोअर शॉपमध्ये येण्याआधी ती दोन खात्यांतून हाकलली गेली होती. एका खात्यात न तपासलेल्या मालाच्या कागदावर सही करायला तिनं नकार दिला. दुसऱ्या खात्यात सुपरवायझरला वगळून थेट मानेसाहेबांकडं गेली.

"अवघड केस हाय," मानेसाहेब म्हणाले. "तुमच्याशिवाय कुणाला जमायचं न्हाय."

वर्षाराणी मनातून खूश झाली. असली माणसं कशी आटोक्यात आणायची हे तिला पाठ होतं. पहिले आठ दिवस काम द्यायचं पण बोलायचं नाही. मग एक चूक पकडायची आणि सगळ्यांदेखत झाडायची. मग दोन दिवसांनी एकटीला गाठून घरची विचारपूस करायची, की माणूस रडतं आणि आपलं होतं.

प्रेरणाच्या बाबतीत पहिल्या पायरीलाच गाडं अडलं. ती आपण होऊन काम करत होती. तिच्या कोअरची कड हात फिरवला तर रेशमासारखी लागायची. आठ दिवस वर्षाराणी चूक शोधत होती. आठव्या दिवशी तिला मिक्सरकडनं हसण्याचा आवाज आला. बघते तर धोंडुबाई. कमरेवर हात ठेवून, मान मागं टाकून हसत होती. बारा वर्षांत वर्षाराणीनं तिचे मागचे दात कधी बघितले नव्हते. समोर प्रेरणा उभी होती आणि तिला "अव्वा" म्हणत होती. अव्वा म्हणजे आई.

"काय चाललंय?" वर्षाराणीनं विचारलं.

"काय न्हाय मॅडम," प्रेरणा म्हणाली. "अव्वांना इचारत होतो वाळूचं."

धोंडुबाई अव्वा आणि आपण मॅडम. वर्षाराणीला ते टोचलं. त्या दुपारी धोंडुबाईनं ठेच्याची पुडी सोडली, अर्धा ठेचा वर्षाराणीच्या डब्याच्या झाकणात टाकला आणि उरलेला प्रेरणाच्या. वर्षाराणीला तो ठेचा त्या दिवशी गोड लागेना की तिखट.

मग ती मोजायला लागली. कोण कुणाशी बोलतं, किती वेळ. लेप पातळ झाला की बायका आधी तिला हाक मारायच्या. आता "प्रेरणा, बघ गं जरा" असं व्हायला लागलं. क्रांतीच्या नणंदेच्या लग्नाचं प्रेरणाला आधी कळलं, तिला नंतर. कंपनीच्या बसमध्ये तावडे हॉटेलच्या थांब्यापर्यंत सगळ्या मागच्या सीटांवर प्रेरणाभोवती गोळा व्हायच्या. वर्षाराणी इनचार्ज म्हणून पुढं बसायची, तशीच आठ वर्षं बसत आली होती. पण आता पुढं बसणं म्हणजे एकटं बसणं झालं होतं. मागं हशा झाला की तिला वाटायचं, आपल्यावरच हसतायत.

घरी पृथ्वीराजला तिनं सांगून बघितलं. "नवीन पोरगी आलीया. लई शहाणी."

"काम करती काय?"

"काम करती."

"भांडती?"

"न्हाय."

"मग?" पृथ्वीराजनं विचारलं आणि पुन्हा टीव्हीकडं बघायला लागला. त्या "मग"मुळं तिला नवऱ्याचाही राग आला.

तिनं उपाय सुरू केले. सगळ्यात जड साचा प्रेरणाच्या टेबलावर गेला. टेबल ओव्हनशेजारी हलवलं, जिथं दुपारी अंग भाजून निघायचं. बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यात तिला घ्यायचं "राहून गेलं". प्रेरणानं एकदाच विचारलं, "मॅडम, माझं काय चुकलं काय?" वर्षाराणी म्हणाली, "चुकलं असतं तर सांगितलं असतं की." प्रेरणानं मान डोलावली आणि जड साचा उचलला.

त्याच महिन्यात कंपनीनं सगळ्या इनचार्जना एका दिवसाच्या प्रशिक्षणाला पन्हाळ्यावर नेलं. पुण्याहून एक बाई आल्या होत्या शिकवायला. विषय होता, टीममधली अवघड माणसं कशी ओळखायची आणि कशी हाताळायची. वर्षाराणीला वाटलं, हे तर आपणच शिकवायला पाहिजे. त्या बाईंनी प्रत्येकाला कागद दिला. "तुमच्या टीममधल्या सगळ्यात अवघड व्यक्तीबद्दल लिहा. नाव लिहू नका. ती व्यक्ती काय करते तेवढंच लिहा, तुम्हाला काय वाटतं ते नको."

बाकीचे पेन चावत बसले. वर्षाराणीनं पान भरून काढलं. बाईंनी कागद गोळा केले, मिसळले आणि एकेक वाचायला लागल्या. कुणी दारू पिऊन येणाऱ्याबद्दल लिहिलं होतं, कुणी चुगल्या करणाऱ्याबद्दल. चौथा कागद तिचा निघाला.

"'सगळ्याजणी अडलं की तिच्याकडं जातात,'" बाई वाचत होत्या. "'काम लवकर संपवते आणि दुसऱ्यांना मदत करते. रागावलं तर उलट बोलत नाही. म्हाताऱ्या बायकांना आई म्हणते. जेवताना हसते. प्रश्न विचारते. सुट्टी घेत नाही.'" बाई थांबल्या. कागद उलटा करून बघितला, मागं काही लिहिलंय का. मग म्हणाल्या, "यात अवघड काय आहे?"

मागनं मशीन शॉपचा इनचार्ज ओरडला, "मॅडम, ही बाई तेवढी मला द्या! माझे दोन गडी घेऊन जावा बदल्यात!"

सगळा हॉल हसला. मानेसाहेबही हसले. वर्षाराणीही हसली, कारण न हसली असती तर कागद कुणाचा ते कळलं असतं. पण कानापर्यंत तापली होती ती. बाई पुढं म्हणाल्या, "कधी कधी माणूस अवघड नसतो, आपल्याला अवघड जातो." वर्षाराणीनं ते ऐकलं आणि ऐकल्याऐकल्या तिला एकच गोष्ट सुचली: प्रेरणा इथं नाही, तरी हसं माझंच झालं. परतीच्या वाटेवर सगळे झुणका-भाकर खायला उतरले. ती गाडीतच बसून राहिली. डोकं दुखतंय म्हणाली.

पुढच्या आठवड्यात वाळू सुकवायचं यंत्र बिघडलं. दोन दिवस दुरुस्ती चालणार होती आणि पंपाच्या बॉडीची मोठी ऑर्डर त्याच आठवड्यात जायची होती. साठवलेली वाळू होती, त्यावर भागवायचं ठरलं. सकाळी प्रेरणा मिक्सरपाशी आली. वर्षाराणी तिथंच उभी होती. धोंडुबाई मिक्सरमध्ये घमेली ओतत होती.

"मॅडम, वाळू ओली हाय," प्रेरणा म्हणाली. तिनं मूठभर वाळू घेऊन दाबली आणि मूठ उघडली. वाळू तशीच मुठीच्या आकारात राहिली. "बघा की. सुटत न्हाय. ह्याचे कोअर केलो तर ओतताना वाफ धरंल. भोकं पडतील मालाला."

वर्षाराणीला दिसलं. एकोणीस वर्षांचा हात तिचा, तिला तर मुठीकडं बघायचीही गरज नव्हती. सकाळी पोत्याला हात लावला तेव्हाच शंका आली होती. पण आता ते प्रेरणाच्या तोंडून आलं होतं. आता काम थांबवलं असतं, तर सगळ्या म्हणाल्या असत्या, प्रेरणानं ओळखलं.

"मला शिकवू नगंस," ती म्हणाली. "टेबलावर जा."

प्रेरणानं मुठीतली वाळू घमेल्यात परत टाकली. मग गेली.

चार दिवसांनी एकशे चाळीस बॉडींपैकी शहाण्णव बाद झाल्या. कापून बघितल्या तर आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं. पंपाच्या बॉडीचा तो जड साचा तीन नंबरच्या टेबलावर होता, म्हणून ते सगळे कोअर प्रेरणाच्या हातचे होते.

मानेसाहेबांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कापलेली बॉडी ठेवलेली होती.

"काय झालं हे?"

वर्षाराणीनं रस्त्यातच ठरवलं होतं काय सांगायचं. म्हणजे ठरवलं असं नाही. तोंड उघडल्यावर ते तयार होतं. "साहेब, लेप नीट वाळायच्या आधी कोअर ओव्हनमधनं काढले हिनं. घाई करती. मी सांगून दमलो."

प्रेरणानं तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि वर्षाराणीला ते रागापेक्षा वाईट लागलं. "साहेब, वाळू ओली होती," प्रेरणा म्हणाली. "मी मॅडमना सकाळीच सांगिटलो. मूठ दाबून दाखवलो."

"सांगितलं होतं हिनं?" मानेसाहेबांनी विचारलं.

"न्हाय," वर्षाराणी म्हणाली.

"धोंडुअव्वा होत्या तिथं. त्यांना इचारा," प्रेरणा म्हणाली.

धोंडुबाईला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली आणि दारातच थांबली. मानेसाहेबांनी मोठ्यानं विचारलं, "हिनं वाळू ओली असल्याचं सांगितलं तेव्हा तुम्ही तिथं होता? ऐकलं तुम्ही?"

धोंडुबाईनं प्रेरणाकडं बघितलं. मग वर्षाराणीकडं बघितलं, बराच वेळ. आता ही प्रेरणाच्या बाजूनं बोलणार, वर्षाराणीला वाटलं. अव्वा ना ती तिची.

"मशीनचा आवाज असतोय, सायेब," धोंडुबाई म्हणाली. "मला काय ऐकू आलं न्हाय."

प्रेरणाला ग्राइंडिंगला टाकलं. तिथं ओतून आलेल्या मालाच्या कडा घासतात. दिवसभर ठिणग्या, धूळ आणि हातात थरथरणारं यंत्र. बायका तिथं कुणी नव्हत्याच. कोअर शॉपमध्ये त्या दिवशी कुणी हसलं नाही. वर्षाराणीला वाटलं होतं, आता सगळं पहिल्यासारखं होईल. बसमध्ये मागच्या सीटा शांत होत्या. पण पुढं येऊन कुणी तिच्याशेजारी बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी धोंडुबाई डबा घेऊन गेटजवळच्या झाडाखाली एकटीच जेवायला बसली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी वर्षाराणी आपला डबा घेऊन तिच्याकडं गेली आणि शेजारी बसली.

"काय झालंय तुला?"

धोंडुबाई भाकरीचा तुकडा मोडत राहिली.

"धोंडुबाई! तुला बोलतोय मी!" वर्षाराणी नेहमीसारखी ओरडली.

"हिकडं ये," धोंडुबाई म्हणाली आणि आपल्या उजव्या बाजूची जागा हातानं थोपटली. "हिकडनं बोल. डावा कान गेलाय माझा. धा वर्सं झाली. मिक्सरचा आवाज खातोय कान."

वर्षाराणी सरकून उजव्या बाजूला बसली. "तू कधी बोलली न्हाईस."

"बोलून काय व्हणार? काढलं असतं मला. बहिरी बाई कशाला ठेवतील मशीनवर?" धोंडुबाई पाणी प्याली. "तू वराडायचीस तवा अर्धं कळायचं, अर्धं अंदाजानं करायचो. मग चुकायचं. मग तू आणखी वराडायचीस. ती पोरगी आली, तिनं चार दिसांत वळकलं. कुणाला बोलली न्हाय. नुसती उजव्या अंगाला हुभी ऱ्हायला लागली. हळू बोलायची. मला सगळं कळायचं."

वर्षाराणीनं हातातला घास परत डब्यात ठेवला. तीन वर्षं घसा फोडून लावलेलं वळण. कंपनीभर सांगितलेली गोष्ट.

"त्या दिशीबी ती उजव्या अंगालाच हुभी हुती," धोंडुबाई म्हणाली. "अक्षर न अक्षर ऐकलं मी. तू काय म्हणालीस तेबी."

"मग सांगितलं का न्हाईस साहेबांना?"

"तू दोनदा माझी नोकरी राखलीस. ती पोरगी काल आलेली." धोंडुबाईनं डब्याचं झाकण लावलं. "मी तुझ्यासाठी खोटं बोललो, वर्षा. आता फिटलं. मी कुणाला काय सांगणार न्हाय. पण माझ्यासंगं जेवू नगंस."

ती उठून गेली. वर्षाराणी डबा तसाच घेऊन बसली. तिला रडू यायला पाहिजे होतं, पण आली ती आग. प्रेरणाबद्दलचीच. चार दिवसांत ओळखलं! आपल्याला इतकी वर्षं शेजारी जेवून कळलं नाही. त्याहून विचित्र गोष्ट अशी की जिच्यासाठी ती एवढी जळत होती ती धोंडुबाई कधी तिच्या हातातून गेलीच नव्हती. केबिनच्या दारात तिनं वर्षाराणीलाच निवडलं होतं. आणि त्या निवडीची किंमत ही.

आणखी सात दिवस तिनं काढले. रोज ठरवायची, रोज टाळायची. एकदा ग्राइंडिंगच्या शेडवरनं जाताना तिला प्रेरणा दिसली. तोंडावर फडकं, डोळ्यांवर चष्मा, हाताला चिंध्या बांधलेल्या. आणि शेजारी ग्राइंडिंगचा एक म्हातारा कामगार तिला यंत्र कसं धरायचं ते दाखवत होता, ती काहीतरी बोलली आणि तो हसला. तिथंही! वर्षाराणीला क्षणभर इतका मत्सर वाटला की ती जागच्या जागी थांबली. आणि थांबल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. हाताला चिंध्या बांधलेल्या बाईवर आपण जळतोय.

ती तशीच वळून मानेसाहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, वाळू ओली होती. तिनं मला सांगितलं होतं. मी खोटं बोललो."

मानेसाहेबांचा फोन वाजत होता. त्यांनी तो बंद केला. "का?"

काय सांगावं, हे यावेळी तिनं ठरवलं नव्हतं. "जळत होतो तिच्यावर," ती म्हणाली. "दुसरं काय कारण न्हाय. पन्हाळ्यावर बाईंनी वाचला तो कागद माझाच होता."

मानेसाहेब खुर्चीत मागं रेलले. मग म्हणाले, "शहाण्णव बॉडी गेल्या, वर्षाताई. त्याचं मी काहीतरी केलं असतं. पण त्या पोरीला मी ग्राइंडिंगला टाकलं, तुमच्या शब्दावर. एकोणीस वर्षांचा शब्द होता तुमचा."

"व्हय साहेब."

"आणि धोंडुबाई? तीबी खोटं बोलली?"

"न्हाय," वर्षाराणी लगेच म्हणाली. "तिला एका कानानं ऐकू येत न्हाय. मिक्सरमुळं. तिची तपासणी करून घ्या आणि मिक्सरवरनं काढून दुसरं काम द्या. नोकरीवरनं काढू नका. एवढंच मागतो."

हे दुसरं खोटं होतं, पण याचं तिला कधी वाईट वाटलं नाही.

तिला लेखी समज मिळाली आणि इनचार्जपद गेलं. प्रेरणा कोअर शॉपमध्ये परत आली ती इनचार्ज म्हणून. वर्षाराणीनं राजीनामा द्यावा असं पृथ्वीराजचं म्हणणं होतं. "लोक काय म्हणतील?" तो म्हणाला. "म्हणू देत," ती म्हणाली. खरं तर तिला सोडून जायचं नव्हतं, कारण आपण गेल्यावर तिथं काय चाललंय हे न कळणं तिला आणखी सोसलं नसतं.

आणि मग, जन्मभर अवघड बायका सांभाळलेली वर्षाराणी स्वतः कोअर शॉपमधली अवघड बाई झाली. सांगितलं तेवढंच करायची. कुणी काही विचारलं तर म्हणायची, "विचारा की तुमच्या इनचार्जला." साचा चुकीचा लागलाय हे दिसलं तरी बोलायची नाही. तिला कळत होतं आपण काय करतोय. दुसरीनं केलं असतं तर दोन दिवसांत सरळ केली असती. कळूनही हात तसाच चालायचा.

पंधरा दिवस प्रेरणानं चालवून घेतलं. सोळाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी ती तिच्या टेबलापाशी आली. सगळ्यांदेखत काही बोलली नाही. "मॅडम, मागं या जरा," म्हणाली. दोघी ओव्हनच्या मागं गेल्या.

"मला तुमचा राग हाय," प्रेरणा म्हणाली. "लई हाय. हे बघा हात." तळव्यावर फोडांचे डाग होते. "तुम्ही खरं सांगिटला म्हणून तो गेला न्हाय. जाईल तवा जाईल. पण मला हे खातं चालवायचं हाय आणि तुमच्याएवढं काम हितं कुणाला येत न्हाय. काल साचा उलटा लागला तो तुम्ही बघिटला. गप्प बसला."

वर्षाराणी हातावरची वाळू झटकत राहिली.

"मी तुम्हाला ग्राइंडिंगला पाठवू शकतो," प्रेरणा म्हणाली. "साहेब न्हाय म्हणणार न्हाईत. पण मला न्हाय पाठवायचं. रोज जेवायच्या आधी हितं पाच मिनिटं उभं ऱ्हायचं दोघींनी. सकाळपासनं काय चुकलं ते तुम्ही मला सांगायचं. माझं चुकलं असलं तरी. आवडलं न्हाय तरी सांगायचं."

"आणि तुला न आवडलं तर?"

"मला आवडणार न्हायच," प्रेरणा म्हणाली आणि पहिल्यांदा थोडी हसली. "तरीबी."

पहिल्या दिवशी वर्षाराणीनं अकरा चुका सांगितल्या. त्यातल्या चार उगाच काढलेल्या होत्या. प्रेरणानं वहीत सगळ्या लिहून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "सात बरोबर. चार न्हाईत." वर्षाराणी ओशाळली. त्यानंतर तिनं फक्त खऱ्या सांगितल्या. हळूहळू त्या पाच मिनिटांची दहा मिनिटं झाली. एकदा प्रेरणानंच विचारलं, क्रांती तोंडावर हो म्हणते आणि करत नाही, काय करावं. वर्षाराणी म्हणाली, "तिला काम सांगू नगंस. तिला इचार, हे कसं करावं म्हणतीस. मग बघ कशी पळती." तसंच झालं. त्या दिवशी बसमध्ये वर्षाराणी खिडकीतून बाहेर बघत एकटीच हसली.

मत्सर गेला असं कुणी समजू नये. बायका "प्रेरणाताई" म्हणायच्या, तेव्हा अजून टोचायचं. धोंडुबाईला लेपाच्या कामावर घेतलं होतं, कानात मशीन बसवलं होतं. तिथून ती दोघींकडंही बघायची. महिनाभरानं एका दुपारी ती वर्षाराणीच्या शेजारी येऊन बसली. वर्षाराणी उठून तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसली. धोंडुबाई म्हणाली, "आता दोन्ही अंगानं ऐकू येतंय, बस कुठंबी."

वर्षभरानं कंपनीनं कागलला नवीन युनिट काढलं आणि प्रेरणाला तिथल्या कोअर शॉपचं सगळं काम दिलं. शिरोलीचं खातं पुन्हा वर्षाराणीकडं आलं. मानेसाहेबांनी नवीन पत्र हातात दिलं आणि म्हणाले, "आता अवघड माणसं कागललाबी जातील, तुमच्याकडं कमी येतील." तिला ते बोलणं लागलं. त्यांना लागावं असं वाटलं होतं की नाही, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

परवा प्रेरणाचा फोन आला. कागलला दहा नव्या पोरी घेतल्यात, कुणाला लेपाचा हात नाही. "अव्वांना पाठवाल काय एक महिना? शिकवतील पोरींना."

वर्षाराणीनं लेपाच्या टेबलाकडं बघितलं. धोंडुबाई ब्रश पुसत होती. पुन्हा तेच जुनं काहीतरी टोचलं. तिनं ते ओळखलं, आणि ओळखूनही ते थोडं तसंच राहिलं.

"महिना न्हाय," ती म्हणाली. "पंधरा दिवस. आणि गाडी पाठव, बसनं हाल व्हतात तिचे."

"वीस?" प्रेरणा म्हणाली.

"अठरा," वर्षाराणी म्हणाली आणि धोंडुबाईला विचारायला उठली.